शाळेच्या दिवसातील आत्मपरीक्षण

संत इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या आणि १५४० मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या येशूसंघाच्या अनेक कॅथलिक शाळांमध्ये सकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला आत्मपरीक्षणाची जोड असते. त्यात विद्यार्थी काही मिनिटे शांत बसून लाभलेल्या गोष्टींबद्दल ईश्वराचे आभार मानतो, स्वतःचे वागणे तपासतो, चुकांची क्षमा मागतो आणि पुढच्या दिवसासाठी निश्चय करतो. पाठांतरावर न विसंबणारी ही साधना मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होय. मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारस अर्पून येशूच्या बलिदानाचे स्मरण करणारा उपासनाविधी, शाळेत बहुधा विशेष दिवशी होतो. भारतात मात्र शासनमान्य वा अनुदानित शाळेतील उपासनेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय सहभागी करता येत नाही, असे संविधानाचे २८ वे कलम सांगते.