तहान आणि तृष्णा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दिल्लीचे कलावंत अतुल भल्ला यांनी २००५ साली यमुनेत उतरून स्वतःचीच एक छायाचित्रमालिका केली. चौदा छायाचित्रे आहेत, आणि त्यांत माणसाचे डोके हळूहळू पाण्याखाली जाते. श्रद्धाळू याला स्नान म्हणेल. पण दिल्लीतले ते काळे पाणी ज्याने पाहिले आहे, त्याचा श्वास कोंडल्यावाचून राहणार नाही.

यमुनेची लांबी १,३७६ किलोमीटर. वझिराबाद ते ओखला हा दिल्लीतील पट्टा अवघा २२ किलोमीटरांचा. पण नदीतील सुमारे तीन-चतुर्थांश घाण याच पट्ट्यात पडते. वझिराबादला शहर पिण्यासाठी पाणी उचलते आणि त्याच्या लगेच खाली नजफगढचा नाला नदीत सोडते. घेतो ते स्वच्छ आणि परत देतो ते मैला, असा हा व्यवहार आहे.

भल्ला यांनी दिल्लीतील पाणपोयांचीही छायाचित्रे घेतली. तिथे त्यांच्या कामाचे मर्म सापडते. तहान ओंजळभर पाण्याने भागते. तृष्णेला अशी सीमा नसते. पाणपोई तहान ओळखते, बाटलीबंद पाण्याचा धंदा तृष्णेवर चालतो. अर्थात पाणपोईचे गोडवे गातानाही जपून बोलले पाहिजे. आपल्याकडे कित्येकांना तिथे वरून धार धरून पाणी मिळे, भांड्याला हात लावण्याची मुभा नसे. १९२७ साली महाडला माणसे चवदार तळ्यावर गेली ती केवळ घसा ओला करण्यासाठी नव्हे.

तृष्णा जमिनीचीही असते. २००४ साली यमुना पुश्त्यावरील हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. नदीकाठची अतिक्रमणे हटवावीत, असे न्यायालयाचे आदेश होते. अनेक कुटुंबांना दूर बवाना येथे नेऊन टाकले. त्याच नदीच्या पूरमैदानात २००५ साली अक्षरधामचे भव्य मंदिर खुले झाले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्याच्या शेजारी खेळाडूंच्या निवासाचे मनोरे उभे राहिले. गरिबाची झोपडी तेवढी नदीला जड झाली!

कोणी म्हणेल, ही छायाचित्रे शेवटी दालनांतच लागतात, आणि ती विकत घेणाऱ्यांना पाणपोईची पायरी चढावी लागत नाही. आक्षेप खरा आहे. बहुधा भल्ला यांनाही तो जाणवला असावा. डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीतील एका सार्वजनिक कलाप्रदर्शनात त्यांनी रस्त्यावरच ‘छबील’ मांडली. छबील म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट पाणी पाजण्याची पंजाबी रीत. पाणी प्यायला थांबणाऱ्यांपुढे साधा प्रश्न ठेवलेला होता : यमुना कधी पाहिली आहे का, तिला कधी हात लावला आहे का? ज्या शहराच्या कितीतरी घरांत सकाळी नळाला यमुनाच येते, त्या शहरातल्या माणसांना हे विचारावे लागले.