अखेरच्या तीन सेकंदांचा दिवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या व्यवसायातील एखादा विषय सोपा करून सांगावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली या बंगळूर नगरीत विमानांचा कारखाना काढला आणि पुढे त्या कारखान्याच्या व त्याच्या आसपास वाढलेल्या संस्थांच्या नोकऱ्यांपायी कितीतरी मराठी बिऱ्हाडे येथे येऊन स्थिरावली. तेव्हा विमान हा विषय या सभागृहाला परका नाही. लढाऊ विमाने, अवकाशयाने असे काही भारदस्त ऐकायला मिळेल, या अपेक्षेने आपण आला असाल. मी मात्र एका दिव्याविषयी बोलणार आहे. स्वतःच्या हातांनी घरी बांधलेल्या लहानशा विमानाला रात्री उतरताना जो दिवा लागतो, ज्याला आम्ही ‘लँडिंग लाइट’ म्हणतो, तो कोणता घ्यावा आणि कोठे बसवावा, एवढाच आजचा प्रश्न.

विमान घरी बांधतात, हे ऐकून काहींना नवल वाटेल. अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजलेला आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे १९७० पासून तिचा मेळा भरत आला आहे. ओरेगॉनमधील व्हॅन्स या एकाच कंपनीचे सुटे भाग आणि नकाशे घेऊन बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. तेथील नियम असा की, बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी व मनोरंजनासाठी केलेला असावा. आपल्याकडे ही वाट बिकट आहे. मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्यांचे विमान २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, त्याची नोंदणी २०१७ साली झाली आणि उड्डाणाची परवानगी हाती यायला २०१९ उजाडले. अशा चिकाटीपुढे माझ्यासारख्या नोकरदार अभियंत्याने नम्र व्हावे, हे बरे.

आता दिव्याकडे वळू. अमेरिकन नियमांप्रमाणे रात्री उडणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखाला तांबडा, उजव्या पंखाला हिरवा व शेपटीला पांढरा दिवा हवा, शिवाय लुकलुकणारा इशारादीपही हवा. पण उतरण्याचा दिवा मोबदला घेऊन चालवलेल्या विमानालाच सक्तीचा आहे. हौसेने उडणाऱ्याला तो नसला तरी कायदा हरकत घेत नाही. म्हणजे येथे निवड सर्वस्वी बांधणाऱ्याची. कारखान्यातील विमानात हा निर्णय दहा माणसांच्या सह्यांनी होतो. येथे जो भोक पाडतो, तोच रात्री त्या विमानात बसतो, आणि पुष्कळदा शेजारच्या आसनावर त्याची पत्नी किंवा मूल असते.

जुन्या काळी प्रकाश मिळवण्यासाठी वैमानिकांनी मोठी जोखीम पत्करली. पहिल्या महायुद्धात पंखांच्या टोकांखाली मॅग्नेशियमच्या ज्योती लावून उतरत असत. त्यांना होल्ट फ्लेअर म्हणत. लाकूड, कापड आणि पेट्रोल यांनी बनलेल्या यंत्राखाली उघडी ज्योत! दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३ मध्ये, जर्मनीतील धरणांवर हल्ला करणाऱ्या ब्रिटिश विमानांना पाण्यापासून बरोबर साठ फुटांवरून उडायचे होते. तेव्हा विमानाच्या पोटाखाली दोन दिवे असे तिरपे बसवले की साठ फुटांवर त्यांची वर्तुळे पाण्यावर एकमेकांना भिडत. दिव्यांचे कोन अचूक, म्हणून उंची अचूक. ही गोष्ट मी तरुण अभियंत्यांना नेहमी सांगतो. कारण दिवा घेणारा माणूस दुकानात सर्वप्रथम विचारतो तो वॅटचा आकडा, आणि कोनाचा विचार त्याला सर्वांत शेवटी सुचतो.

वास्तविक हिशेब काय सांगतो, ते पाहा. लहान विमानांत वर्षानुवर्षे ४५०९ या क्रमांकाचा शंभर वॅटचा दिवा वापरात होता. साडेचार इंच व्यासाचा, मोटारीच्या जुन्या बंद दिव्यासारखा. त्याच्या झोताची प्रखरता सुमारे एक लाख दहा हजार कँडेला. आकडा ऐकून दिपून जावे, असा. परंतु विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येते, त्यामुळे झोत धावपट्टीवर अगदी तिरपा पडतो, आणि अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. गणित केले तर तीनशे मीटरवरून धावपट्टीच्या पृष्ठभागावर या दिव्याचा जो उजेड पडतो, तो पौर्णिमेच्या चांदण्याच्या पावपटीइतकाच भरतो! शंभर मीटरवर आल्यावर तो चांदण्याच्या दुप्पट होतो आणि पन्नास मीटरवर आठ-नऊपट. लहान विमान त्या वेळी सेकंदाला सुमारे तेहतीस मीटर वेगाने येत असते. म्हणजे हा दिवा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो अखेरची तीन-चार सेकंदे. त्या आधी वैमानिकाला वाट दाखवतात ते धावपट्टीच्या कडेचे दिवे.

पण त्या तीन-चार सेकंदांतच सारे काही घडायचे असते. धावपट्टीचा खडबडीतपणा, कडेच्या गवताची पाती, मध्यरेषेचा रंग डोळ्यांना दिसू लागला की आपण जमिनीपासून किती वर आहोत, हे मनाला एकदम उमगते. हे उमगण्याच्या आधी नाक उचलले तर विमान हवेतच वेग गमावून धपकन आदळते. उशिरा उचलले तर पुढचे चाक प्रथम टेकते आणि ते मोडण्याचा संभव असतो.

आणि नेमकी येथेच एक विचित्र अडचण उभी राहते. समजा, उतारावरून येताना विमानाचे नाक क्षितिजाशी समांतर आहे. तर झोत टेकण्याच्या जागी पडण्यासाठी दिवा विमानाच्या अक्षापेक्षा तीन अंश खाली वळलेला हवा. नाक चार अंश वर धरून येणारे विमान असेल, तर सात अंश. प्रत्येक विमानाचे हे गणित वेगळे, म्हणून दुसऱ्याच्या विमानावरून कोन उतरवून घेण्यात अर्थ नाही. पुढे टेकण्यापूर्वी वैमानिक नाक आणखी सात-आठ अंश उचलतो. त्याबरोबर तो अरुंद झोत जमीन सोडून अंधारात वर निघून जातो. ज्या क्षणासाठी दिवा घेतला, त्याच क्षणी तो आकाश उजळतो! शेपटीखाली चाक असलेल्या विमानात जमिनीवर उभे असतानाही नाक दहा-बारा अंश वर असते. तेथे तर समोरचा रस्ताही दिसायचा नाही. यावर उपाय एकच: एका प्रखर दिव्याऐवजी दोन दिवे घ्यावेत. एक अरुंद झोताचा, उतारासाठी. दुसरा पसरट झोताचा, अधिक खाली वळलेला, अखेरच्या क्षणासाठी व जमिनीवर चालण्यासाठी. पैसे एकाचेच असतील, तर मी दुसरा आधी घेईन. पुष्कळ वैमानिक माझ्याशी याबाबत वाद घालतात, तो घालोत.

जागेचा प्रश्न याहून नाजूक आहे. नाकाशी, इंजिनाच्या आवरणात दिवा बसवणे सर्वांत सोपे: तार आखूड आणि पंख कापायला नको. परंतु तेथे इंजिनाच्या थरथरीने तंतू तुटतो, आणि फिरत्या पंख्यातून जाणारा प्रकाश डोळ्यांपुढे झगमगतो. शिवाय दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका धुक्यातला व धुळीतला प्रकाश परतून डोळ्यांवर येतो. घाटात दाट धुके उतरले की मोटारीचा मोठा दिवा लावून पाहा, म्हणजे पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. म्हणून पंखाच्या टोकाकडची जागा चांगली. मात्र पंखाची पुढची गोलाई ही काही नुसते आवरण नसते. तिच्या आकारावर पंखाची उचल अवलंबून असते, आणि मुख्य तुळईसह तिचा जो बंद पेटारा होतो, तोच पंखाला पीळ पडू देत नाही. काही विमानांत देहाजवळ याच गोलाईत इंधनाची टाकी असते. तेव्हा भोक पाडायचे ते टोकाजवळ, दोन फासळ्यांच्या मधोमध, भोवती पक्की किनार बसवून, आणि मूळ आराखडा करणाऱ्याने जेथे मुभा दिली असेल तेथेच. ते मंजूर नसेल तर पंखाच्या फायबरच्या टोपीत दिवा बसवावा, पंखाला हात लावू नये.

तारेविषयी थोडक्यात सांगतो. शंभर वॅटचा दिवा सात-आठ अँपियर खातो, आणि टोकापर्यंत तार लांब जाते. बारीक तारेमुळे दिव्याला दहा टक्के विद्युतदाब कमी मिळाला, तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. महागडा दिवा आणि स्वस्त तार, हा संसार फार दिवस चालत नाही.

अलीकडे एलईडी आले आणि बरेच काही पालटले. निळ्या एलईडीबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले, हे आपल्यापैकी विज्ञान शिकवणाऱ्यांना आठवत असेल. जुन्या ४५०९ चे ठरलेले आयुष्य अवघे पंचवीस तासांचे, त्यामुळे लोक तो जपून वापरत. एलईडी हजारो तास टिकतो, वीजही थोडी घेतो, म्हणून तो दिवसाही पेटता ठेवता येतो. विमानतळाच्या दहा मैलांच्या आत दिवसाही हे दिवे लावावेत, असे अमेरिकन अधिकारी सुचवतात. त्यामुळे दुसऱ्या वैमानिकाला आपण लवकर दिसतो. आपल्या देशात केवळ नजरेच्या भरवशावर रात्री उडण्यास सर्वसाधारणपणे परवानगी नाही, त्यामुळे येथील हौशी माणसाला दिव्याचा हाच उपयोग अधिक. डावा-उजवा दिवा आळीपाळीने लुकलुकवला की तो आणखी लवकर नजरेत भरतो. मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून त्याला धातूचा आधार व वारा हवा. विक्रेते एकूण प्रकाशाचे ल्युमेन सांगतात. आपण विचारायचे ते झोताचे कँडेला आणि त्याची रुंदी. त्याच्या विद्युतमंडलामुळे रेडिओत खरखर येऊ शकते, तेव्हा एखादे क्षीण केंद्र लावून दिवा चालू-बंद करून ऐकावे. पंखात चुंबकीय दिशादर्शकाचा संवेदक असेल, तर त्याच्यापासून ही तार दूर न्यावी आणि जाणारी व येणारी तार एकमेकींना पिळून घ्यावी.

आणि सर्वांत शेवटी कोन पक्का करायचा. त्यासाठी एक संध्याकाळ, एक भिंत आणि एक मदतनीस पुरतो. विमान उड्डाणाच्या पवित्र्यात येईल इतकी शेपटी टेकूवर घ्यावी, भिंत आठ मीटरवर असावी. तीन अंशांसाठी झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा बेचाळीस सेंटिमीटर खाली पडायला हवा. तेथे खडूची खूण करावी, स्क्रू आवळावेत, पुन्हा पाहावे. घरातील मुलांना या कामी बोलवावे, त्यांना खडू धरायला फार आवडते.

एवढे सारे करूनही दिवा कधीतरी ऐन वेळी दगा देणारच. म्हणून ज्या देशांत रात्री उडण्याची मुभा आहे, तेथील चांगले शिक्षक विद्यार्थ्याला दिवा बंद ठेवून उतरायला लावतात. कडेच्या दिव्यांच्या दोन ओळी नजरेच्या पातळीला कशा चढत येतात, यावरून उंची ओळखायला शिकवतात. आमच्या हौशी बांधकऱ्यांनी पहिल्या रात्रउड्डाणापूर्वी तो सराव शिक्षकाला शेजारी बसवून करावा, आणि तो झाल्यावाचून घरच्या कोणालाही रात्री बरोबर नेऊ नये.