कातकामाला तेल कुठलं?
आलापल्लीचं सागवान लेथवर कातून वाटी झाली, आता तेल कुठलं लावायचं? गडचिरोलीच्या गावांत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल मिळतं. पण ते वाळत नाही, थंडीत तर थिजतंच, आणि त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल मात्र हवा लागून घट्ट होतं. म्हणून घाण्यावरचं जवस तेलच घ्या. फडक्यानं पातळ हात द्या, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसा, आठवडाभर वाळू द्या, मग दुसरा हात. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे! बाजारातल्या 'उकळलेल्या' जवस तेलात बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. खाण्याच्या भांड्याला ते नको. आणि तेलकट फडक्याचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. फडकं उघड्यावर पसरून वाळवा.