टाळ आणि ‘ळ’
१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये या दोन तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कारभाराची भाषा हिंदीच. मुलांना देवनागरी येते, पण हिंदीत ‘ळ’ सहसा वापरला जात नाही. वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘काळा’चा ‘काया’ होतो. कानाला तो गोडही लागतो! ‘ळ’ भेटतो भजनी मंडळात: टाळ, तुळस, सावळा. उच्चार चुकला की वडीलधारे तिथेच थांबवितात आणि चरण पुन्हा म्हणावयास लावतात. ध्वनिक्षेपकावरील तयार भजन कितीही सुरेल असो, मुलाच्या तोंडचा ‘टाय’ त्याला ऐकू येत नाही.