सोडियम रॉकेलमध्ये गप्प का बसतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आठवणी बाकीच्यांनी सांगितल्याच आहेत. मी एक जुनी उधारी फेडायला उभा आहे.

नववीत सरांनी कपाटातून रॉकेलची बाटली काढली होती. ज्वारीच्या दाण्याएवढा सोडियमचा तुकडा चिमट्याने उचलून, टिपकागदावर पुसून पाण्यात टाकला. तो सूं सूं करत पाण्यावर पळत सुटला आणि मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. मी विचारलं, “सर, रॉकेलही पातळ, पाणीही पातळ. मग हा रॉकेलमध्ये गप्प कसा बसतो?” सर म्हणाले, “हवा लागू नये म्हणून रॉकेलमध्ये ठेवतात, एवढं पुस्तकात आहे. तुझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्याचं नीट उत्तर मला येत नाही. सापडलं तर येऊन सांग.”

सर, आज सांगतो.

सोडियमच्या अणूत सर्वांत बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो द्यायला सोडियम उतावीळच असतो. पण देण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, घेणारा. दुसरी, देवाणघेवाणीनंतर तयार झालेल्या आयनांना सांभाळणारा शेजार. पाण्याचा रेणू ध्रुवीय आहे. त्याचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. त्यामुळे पाणी घेतंही आणि आयनांभोवती कडं करून त्यांना सांभाळतंही. रॉकेल यातलं काहीच करत नाही. द्रावकाची ही सांभाळण्याची ताकद डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने मोजतात. पाण्याचा तो सुमारे 78, तर रॉकेलच्याच कुळातल्या हेक्झेनचा जेमतेम 1.9.

पण घेणारा तोच ठेवून फक्त द्रावक बदलला तर? हे मला एम.एस्सी.ला कळलं, तेही फजिती होऊन. नॅफ्थॅलीन, म्हणजे आपल्या कपाटातली डांबरगोळी, सोडियमकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकते. मी दोन्ही हेक्झेनमध्ये टाकून दिवसभर ढवळत बसलो. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तोच सोडियम, तीच डांबरगोळी, पण द्रावक टेट्राहायड्रोफ्युरान. थोड्याच वेळात द्रावण गर्द हिरवं झालं. इलेक्ट्रॉन पोहोचल्याची ती खूण.

पुढे मी महाविद्यालयात शिकवायला लागलो. हाच प्रयोग सांगताना एका मुलीने विचारलं, “सर, पाणी तर सगळ्यांत ध्रुवीय. मग हे पाण्यातच का करत नाहीत?” मी म्हणालो, “परीक्षेत हे येत नाही. बस खाली.” खरं म्हणजे त्या क्षणी मला उत्तर सुचलं नव्हतं. तिने पुन्हा कधी हात वर केला नाही.

उत्तर असं होतं की नुसता आकडा पाहून भागत नाही. टेट्राहायड्रोफ्युरानचा स्थिरांक फक्त 7.6 आहे, पण त्याच्या रेणूतला ऑक्सिजन सोडियम आयनाला घट्ट धरतो. पाणीही धरेल, पण सोबत आपला हायड्रोजन नॅफ्थॅलीनला देऊन टाकेल आणि हिरवा रंग संपेल. सांभाळणारा हवा, मध्ये हात घालणारा नको.

आणखी एक गंमत आहे. इलेक्ट्रॉन हलका, क्षणात उडी मारतो. द्रावकाचे रेणू जड आणि संथ. खचाखच भरलेल्या एसटीतून एकाला उतरायचं तर आधी बाकीच्यांना सरकावं लागतं, तसं इथेही रेणूंना आधी हलावं लागतं. या सरकण्याला किती ऊर्जा लागते, याचा हिशेब रुडॉल्फ मार्कस यांनी 1956 मध्ये मांडला. ध्रुवीय द्रावकात ही किंमत जास्त पडते. म्हणजे तोच द्रावक आयनांना आधार देतो आणि तोच उडीची वाट अडवतो. दोन्हींची बेरीज-वजाबाकी करूनच वेग ठरतो. त्यांच्या सूत्रातून एक विचित्र गोष्टही निघत होती: अभिक्रिया फारच फायद्याची असेल तर वेग उलट कमी होतो. त्याचा स्पष्ट पुरावा 1984 मध्ये मिळाला आणि 1992 मध्ये मार्कस यांना नोबेल मिळालं. आपल्या मोसंबीच्या पानातही हाच हिशेब चालतो. तिथे इलेक्ट्रॉनची पहिली उडी प्रथिनाच्या बहुतांशी अध्रुवीय कुशीत होते. सरकायला फारसं कोणी नसतं, म्हणून ती काही पिकोसेकंदांत पार पडते. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.

सर, उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली. पण तुमच्याकडून खरं शिकायचं होतं ते उत्तर नव्हतंच. भरल्या वर्गासमोर “मला येत नाही” म्हणणं शिकायचं होतं. ते मी शिकलो नाही आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली.

सकाळी प्रयोगशाळेत डोकावलो. कपाट तेच आहे, कुलूपही आहे. मुलं द्रावकाची व्याख्या पाठ म्हणून दाखवतात. आपल्या निधीतून नावांची स्वागतकमान उभारायचं ठरतंय. माझी विनंती आहे की कमान पुढच्या मेळाव्यासाठी ठेवू. या वर्षी काचसामान, चष्मे आणि रसायनं घेऊ. आता मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा मराठवाडा परिसर जालन्यातच आहे. वर्षातून एकदा मुलांना तिथे नेऊ. माझा वाटा मी आजच खजिनदारांकडे देतो, आणि शाळेने परवानगी दिली तर दर दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस शिकवायला येतो.

पाण्यातच का करत नाहीत, असं कुणी विचारलं, तर या वेळी बस खाली म्हणणार नाही.