खोलीत आणखी कोण आहे?

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये. धडगाव किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागातल्या माणसाला तिथे जायचे म्हणजे मजुरी बुडवायची, सोबत कुणाला तरी न्यायचे आणि गावात विचारणाऱ्यांना काय सांगायचे ते आधी ठरवून ठेवायचे. शिवाय मनाच्या आजाराची औषधे बहुधा महिनोन्‌महिने चालतात, त्यामुळे एका फेरीत भागत नाही. डॉक्टर व्हिडिओ कॉलवर भेटले तर हा भार पुष्कळ हलका होतो.

पण कॉल जोडला म्हणजे उपचार झाला, असे मला वाटत नाही. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस फिरवायला सुरुवात केली. रुग्ण बसमध्ये, डॉक्टर दूर चेन्नईत. पडद्यावर बोलणे झाले की बसमधल्याच औषधालयातून गोळ्या मोफत मिळत. रुग्णांच्या घरी जाऊन विचारपूस करायला स्थानिक कार्यकर्तेही होते. पडद्याइतकीच मोलाची मला ही माणसे वाटतात. गोळीने दिवसभर गुंगी येते म्हणून कुणी ती परस्पर बंद केली, तर ते ओसरीवर बसून बोलणाऱ्यालाच आधी कळते. डॉक्टरांना दिसतो तो फक्त चेहरा. थरथरणारा हात कॅमेऱ्याबाहेर राहून जातो.

घरून कॉल करणाऱ्यांची अडचण वेगळीच. दीड खोलीचे घर, फोन नवऱ्याचा, स्वयंपाकघरात सासूबाई. अशा ठिकाणी बाईने आपले दुःख सांगायचे तरी कसे? म्हणून डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की खोलीत आणखी कोण आहे? इयरफोन लावून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येईल, असेही प्रश्न विचारता येतात. रुग्ण या क्षणी नेमका कुठे आहे आणि जवळच्या कुणाला फोन करता येईल, हेही सुरुवातीलाच टिपून ठेवावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला, तर नंतर पत्ता शोधत बसायला वेळ नसतो.

माझी आग्रहाची मागणी आहे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दार लावून बसता येईल अशी एक खोली या कामासाठी राखून ठेवा. ताप दाखवायला आलेली बाई तिथे अर्धा तास बसली, तर कुणाला काही वेगळे वाटणार नाही. आशाताईंना या रुग्णांच्या घरी जाण्याचे काम द्यायचे असेल, तर त्यांना त्याचे प्रशिक्षण द्या आणि वेगळा मोबदलाही द्या.

तोवर एक दार उघडे आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येते. स्वतःसाठी करा, घरातल्या कुणासाठी काय करावे हे विचारायलाही करा.