अर्धी तार शेजारी

मी कविता लिहितो हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. माझ्याकडे सरकारचा आणखी एक परवाना आहे, तो मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. घरात बसून बिनतारी संदेश पाठवण्याचा. या छंदाला हौशी रेडिओ म्हणतात. आम्ही मंडळी एकमेकांना 'हॅम' म्हणतो. स्वतःचा ट्रान्समीटर, स्वतःची तार आणि आपण शोधलेल्या माणसाशी गप्पा. धर्म, राजकारण आणि धंदा या विषयांवर बोलायला मात्र नियमानेच बंदी. मुशायऱ्यांनाही असा नियम असता तर बरं झालं असतं, असं अधूनमधून वाटतं!

मी सोलापूरचा. १९८९ साली बी.ए.च्या वर्गात वृत्तं शिकत होतो आणि संध्याकाळी बँकेत नोकरी करणाऱ्या एका काकांकडे मोर्स लिपी. दोन्हींत लघु-गुरूच. फरक एवढाच, की आपला गुरू दोन मात्रांचा आणि मोर्सचा 'डा' तीन 'डी'एवढा लांब. हा हिशेब बोटांत बसायला मला चार महिने लागले. परीक्षेत मिनिटाला पाच शब्द घ्यायचे आणि पाठवायचे होते. पास झालो. मग पोलीस चौकशी, दिल्लीचे कागद, आणि बऱ्याच काळाने परवाना हातात पडला. अब्बांनी तो फ्रेम करून दाराशी लावला.

यंत्रं घरीच बनवली. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करून रिसीव्हर केला. ट्रान्समीटरला ८०७ नावाचा, वांग्याएवढा एक व्हॉल्व्ह. त्याला सहाशे व्होल्ट लागत, म्हणून विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर. पितळी पट्टीची की. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, तेव्हा अम्मी म्हणाली, "लोणचं घालतोस काय रे?"

अडचण आली ती तारेची. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचं तर अर्ध्या लहरीएवढी तार लागते. सरळ हिशेब: ६६ फूट. मधोमध कापायची, तिथून केबल खाली घ्यायची, दोन्ही बाजूंना ३३-३३ फूट. आमची गच्ची जेमतेम ३५ फुटांची. म्हणजे अर्धी तार आमच्याकडे आणि अर्धी बोळ ओलांडून शेजारच्या गच्चीवर. शेजारच्या काकांना विचारलं. त्यांनी काही न विचारता स्वतःच पाण्याच्या टाकीला हुक ठोकून दिला. हुकाला दोरी, दोरीला अंड्याएवढा चिनी मातीचा इन्सुलेटर आणि मग तार. टोकाला व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, म्हणून ही काळजी. दीड वर्ष मी त्या तारेवरून पुण्याशी, हैदराबादशी, रात्री उशिरा त्याहून दूरवर बोललो. हवेत माझी ओळख म्हणजे एक सांकेतिक चिन्ह आणि सहीसारखी बोटांची लय.

मग डिसेंबर १९९२ उजाडला. नाक्यावर कुणीतरी अब्बांना विचारलं, "चाचा, गच्चीवरची ती तार कुठं लागते म्हणे?" एवढंच. विचारणाऱ्याच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. त्या दिवसांत अब्बांना जे ऐकू आलं, ते मी समजू शकतो. मी भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "वो पढ़ने को कौन घर में आयेगा? पहले तार दिखती." त्या रात्री त्यांनी स्वतः गच्चीवर जाऊन तार कापली. आमच्या बाजूची गुंडाळून ठेवली. पलीकडची ओढून घेतली. टोकाची दोरी काही सुटेना, तेव्हा तिथेही कात्री लावली. शेजारी काही सांगायला ते गेले नाहीत. मीही गेलो नाही. काकांनीच बोलणं लावलं असेल, असं मी मनात धरून बसलो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपून गाव नुकतं झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमारास घर हललं, मांडणीवरची भांडी खाली आली. किल्लारी आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. उजाडल्यावर मी रिसीव्हरला हातभर वायर लावली. ऐकायला तेवढी पुरते, बोलायला पुरत नाही. तासातासाने आवाज वाढत गेले. टेलिफोन बंद, तिथे हॅम मंडळी पोचत होती आणि औषधं, कपडे, माणसं यांचे निरोप फिरत होते. मधेच मला मोर्स शिकवणाऱ्या काकांची लय ओळखू आली. त्यांनी माझं चिन्ह पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. सोलापुरातून निरोप पुढे द्यायला त्यांना माणूस हवा होता. माझ्यासमोर की होती, ट्रान्समीटर गरम होता आणि गच्चीवर काहीच नव्हतं. अब्बा दारात उभे होते. त्यांना मोर्स येत नव्हतं, पण तीनदा वाजलेलं तेच ते ऐकून कळायचं ते कळलं असावं. ते खाली निघून गेले. आम्ही त्यावर कधीही बोललो नाही.

पुढे नोकरी, संसार. ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याने वजनावर नेला. ८०७ मात्र मी कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. परवान्याची मुदत संपली की नूतनीकरण करत राहिलो, अब्बांना न सांगता. २०११ मध्ये अब्बा गेले, त्याआधीच शेजारचे काका.

२०२२ मध्ये पुन्हा सुरुवात केली ती हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या सर्किटवरून. 'बिटएक्स' हे त्यांचं यंत्र जगभरच्या हौशी लोकांनी घरी बांधलं आहे. महागडे भाग परदेशातून मागवण्याची ऐपत नसलेल्यांसाठी केलेली रचना. सुरुवातीच्या आराखड्यात तर कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर सुचवले होते. व्हॉल्व्ह नाहीत, सहाशे व्होल्ट नाहीत. बारा व्होल्टांची बॅटरी पुरते. शक्ती पाच-सहा वॅट, म्हणजे शून्याच्या दिव्याहूनही कमी. माझी नजर आता अधू, त्यामुळे एकेक सांधा भिंगाखाली डाखला. दोनदा ट्रान्झिस्टर उलटा बसवला, एकदा धूर काढला. तीन महिन्यांनी यंत्र बोलू लागलं.

तार मात्र तेवढीच लागते, ६६ फूट. त्यात तीस वर्षांत काही सुधारणा नाही. विचारायला नको म्हणून मी आमच्याच गच्चीवर ती दुमडून, वाकवून पाहिली. मीटरचा काटा पाहवेना. निम्मी शक्ती परत येत होती. अखेर एका रविवारी शेजारी गेलो. काकांचा मुलगा आता पन्नाशीचा. तो म्हणाला, "चला, वर बघू." टाकीपाशी गेलो तर हुक तिथेच. हुकाला दोरीचा काळा पडलेला तुकडा आणि त्याला लोंबणारा माझा इन्सुलेटर. दर दिवाळीला टाकीबरोबर त्यालाही चुना लागलेला. चांगले दहा-बारा थर असतील. तो म्हणाला, "आम्ही काढू म्हणायचो, तर बाबा म्हणायचे, राहू दे, तो पोरगा परत लावेल."

मला उत्तर सुचलं नाही. नखाने चुना खरवडत बसलो.

दुपारी आम्ही दोघांनी तार ओढली. त्याच्या बायकोने खालून विचारलं, कपडे वाळत घालता येतील का? मी म्हटलं, वहिनी, मी बोलत असताना नको. संध्याकाळी हैदराबादहून उत्तर आलं: आवाज बारीक आहे, पण स्पष्ट आहे. इन्सुलेटर जुनाच लावलाय. दोरी तेवढी नायलॉनची, पण उन्हाने ती कडक होत चालली आहे. पावसाळ्याआधी बदलायला हवी.